नाशिक म्हणून दिसलेली जालन्याची बाग

२०२३ च्या ऑगस्टात पुण्याहून एक दिग्दर्शक आणि त्यांचे कॅमेरामन आमच्या बागेत आले. गाडीतून उतरून बांधावर उभे राहिले, दोन मिनिटं इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "द्राक्षं कुठं आहेत?"

वेलींवर पानं होती, काड्या बोटाएवढ्या जाड झाल्या होत्या. घड मात्र एकही नव्हता. आबा म्हणाले, "साहेब, आता काडी पिकायचे दिवस. घड पाहायचे तर फेब्रुवारीत या."

दिग्दर्शकांना दिवाळीत शूटिंग करायचं होतं. आमच्या कामाची सुरुवात अशी अडचणीनं झाली.

आमचं गाव जालना तालुक्यात, कडवंचीला लागून. कडवंची म्हणजे पाणलोटाची कामं आणि शेततळी यांच्या जोरावर कोरडवाहूतून द्राक्षावर गेलेलं गाव. त्यांचं पाहून आजूबाजूच्या शिवारांतही बागा उभ्या राहिल्या, त्यातलीच आमची तीन एकर. मी छत्रपती संभाजीनगरला नाट्यशास्त्र शिकलो. तेव्हापासून मराठवाड्यात कुणी शूटिंगला आलं की जागा दाखवणं, परवानग्या काढणं, माणसांची राहायची-जेवायची सोय लावणं, ही कामं करतो. स्वतःचीच बाग द्यायची वेळ मात्र पहिल्यांदाच आली.

चित्रपट प्रेमकथेचा. वाईन करणाऱ्या घराण्याचा मुलगा आणि माती तपासायला आलेली मुलगी. कथेतलं गाव नाशिकजवळचं, पण नाशिकच्या ओळखीच्या वायनऱ्या जाहिरातींत आणि लग्नाआधीच्या व्हिडिओंत इतक्यांदा दिसल्यात की प्रेक्षक पहिल्याच दृश्यात जागा ओळखतो. दिग्दर्शकांना न पाहिलेली जमीन हवी होती.

त्यांच्या मोबाइलमध्ये एका इंग्रजी सिनेमाचे शंभरेक फोटो होते. रिडली स्कॉट यांचा २००६ चा 'अ गुड इयर'. लंडनमध्ये शेअरबाजारात रमलेल्या माणसाला फ्रान्समधल्या प्रोव्हान्स भागात काकांचं घर आणि द्राक्षमळा वारशानं मिळतो, आणि तिथं तो प्रेमात पडतो. सिनेमात त्या वाड्याचं नाव 'ला सिरोक' आहे. खरा वाडा बोनियू गावाजवळचा 'शातो ला कानोर्ग', आणि तिथं आजही सेंद्रिय द्राक्षांची वाईन होते. नायिकेचा कॅफे खोऱ्यापलीकडच्या डोंगरावर, गोर्द गावात. चिनारांच्या सावलीतला तलाव, जिथं रात्री उघड्यावर सिनेमा दाखवतात, तो क्युकुरोंचा, म्हणजे ल्युबेरों डोंगराच्या दुसऱ्या अंगाला. बघताना वाटतं, नायक घरातून निघाला आणि चालत कॅफेत पोचला. नकाशावर मधे अख्खं खोरं आहे.

तो सिनेमा मी त्या आठवड्यात तीनदा पाहिला, वही घेऊन. पडद्यावरचं गाव आहे तसं सापडत नसतं, ते चार जागांमधून शिवायचं असतं. शिवण दिसू नये म्हणून माती, दगड आणि उन्हाचा रंग जुळला पाहिजे. मग मी जागा शोधायची रीत बदलली. आधी बाग ठरवायची, आणि बाकी सगळं त्या बागेच्या मातीला धरून.

बाग आमची ठरली, पण त्याआधी दोन गोष्टींवर बरीच चर्चा झाली.

पहिली वेळेची. युरोपात वर्षाला एकच छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोड. आपल्याकडं वेल झोपतच नाही, म्हणून दोनदा छाटावी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती काडी तयार करायला. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, ती फळाला. दिवाळीत बागेत आलात तर कोवळे फुटवे दिसतील, पिकलेले घड नाहीत. सिनेमाचं वेळापत्रक पुढं ढकलायचं म्हणजे कलाकारांच्या तारखा, हॉटेल, सगळंच. दिग्दर्शकांनी विचारलं, "काका, थोडं आधी नाही का आणता येणार?" आबांनी वही काढली. छाटणीची तारीख १२ ऑक्टोबर धरली होती. तिथून माल तयार व्हायचे १२० दिवस मोजले तर ९ फेब्रुवारी. त्याआधी आठ-दहा दिवस मण्यांत पाणी उतरलेलं, म्हणजे मणी मऊ पडून गोड व्हायला लागलेले, रंगही आलेला आणि व्यापाऱ्याची कात्री अजून लागलेली नाही. "हे आठ-दहा दिवस तुमचे," आबा म्हणाले. शूटिंग २८ जानेवारीला सुरू करायचं ठरलं.

दुसरी गोष्ट मांडणीची. त्या फोटोंतल्या बागा कमरेएवढ्या कुंपणासारख्या, सरळ उभ्या भिंतींसारख्या असतात. वाईनच्या द्राक्षाची वेल तशीच वाढवतात, काड्या उभ्या तारांत बांधून, घड खाली. आमची बाग खायच्या द्राक्षाची, वाय आकाराच्या लोखंडी अँगलवर. नऊ फुटांवर ओळ, ओळीत पाच फुटांवर वेल, एकरी ९६८ वेली. काड्या दोन्ही बाजूंना पसरतात आणि घड छातीच्या उंचीवर पानांखाली लोंबतात. बाहेरून पाहिलं तर पानंच पानं. कॅमेरामन नाराज झाले. मी त्यांना ओळीत आत नेलं आणि खाली बसायला सांगितलं. पानांतून गाळून येणारा हिरवा उजेड, दोन्हीकडून झुकलेल्या काड्या, आणि ओळ संपते तिथं निळ्या आभाळाचा चौकोन. ते बराच वेळ उठले नाहीत. शेवटी म्हणाले, "प्रेमाचे सगळे प्रसंग ओळीच्या आत."

त्याच फेरीत दौलताबादच्या पायथ्याच्या रस्त्यानं जाताना मी त्यांना इब्न बतूताचं सांगितलं. चौदाव्या शतकातला हा मोरोक्कोचा प्रवासी दौलताबादेला येऊन गेला आणि त्यानं लिहून ठेवलं की इथं द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात. देवगिरीच्या परिसरात द्राक्ष सातशे वर्षांपासून आहे, ही गोष्ट मराठवाड्यातल्या माणसालाही सहसा कुणी सांगत नाही. वाईनचे कारखाने नाशिककडं एकवटले त्यामागं २००१ चं राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण, विंचूरचा वाईन पार्क, तिथली हवा, बाजार अशी कारणं आहेत. पण द्राक्ष म्हटलं की फक्त नाशिक, हे मला कायम खटकत आलंय. म्हणून करारात मी एक कलम घालायला लावलं: श्रेयनामावलीत 'जालना जिल्हा, मराठवाडा' असं स्वच्छ लिहायचं. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर भाडं, नुकसानभरपाई, कोणत्या ओळी, किती माणसं आत, असं सगळं होतंच. माझ्यासाठी महत्त्वाचं होतं ते श्रेयनामावलीचं, सातवं कलम.

छाटणी ठरल्या दिवशी झाली. काड्यांवरचे डोळे फुटावेत म्हणून पेस्ट लागली, डोळे फुटले, सगळं वेळेत. आणि २६ नोव्हेंबरच्या रात्री अवकाळी आला. छाटणीपासून पंचेचाळिसावा दिवस, बाग ऐन फुलोऱ्यात. ज्याची बाग आहे त्यालाच कळेल फुलोऱ्यातला पाऊस म्हणजे काय. घडांत पाणी साचतं, कुज होते, गळ होते, वर डाउनी रोगाची भीती. पहाटे चारला आबा आणि मी बॅटरी घेऊन ओळीत होतो. आबा एकेक ओळ हलवून पाणी झाडत होते. माय बांधावर उभी राहून नुसती म्हणत होती, "अरे, अजून थांबना का हा." त्या वर्षी आधीच पावसाळा कोरडा गेलेला, शेततळं अर्धंच भरलेलं. जे पाणी जूनपासून मागत होतो ते नको त्या रात्री आलं.

दिग्दर्शकांना मी फोनवर खरं काय ते सांगितलं. घड विरळ होतील, तीनपैकी एका एकराचं फारसं खरं नाही. ते म्हणाले, "विरळ असू द्या. आपण खरी बाग दाखवतोय." हे वाक्य मी विसरलो नाही.

जानेवारीच्या शेवटी तीस-पस्तीस माणसांचं युनिट आलं आणि बाग पाहून पुन्हा बांधावरच थांबलं. सगळे घड कागदात गुंडाळलेले. थंडीत किमान तापमान फार उतरलं की हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा येते. पिंक बेरी म्हणतात. तो माल व्यापारी मागं टाकतो, म्हणून पाणी उतरायच्या सुमारास घडाला कागद लावतात. कला दिग्दर्शक म्हणाल्या, "हे सगळे काढायचे?" एका ओळीत एक्केचाळीस वेली, वेलीला वीस-पंचवीस घड. सगळे काढायचे तर आमचं वर्षच गेलं असतं.

शेवटी तोडगा गावातल्या बायकांनी काढला. कॅमेऱ्याला दिसतील तेवढेच घड, साधारण तीनशे, पहाटे सहाला उघडायचे आणि दुपारनंतर पुन्हा झाकायचे. बारा बाया होत्या. गॅसबत्तीसारख्या दिव्याच्या उजेडात त्यांची बोटं चालताना पाहिली मी. देठाशी कागदाची घडी दोन बोटांनी सैल करायची, कागद खाली ओढायचा, मण्याला हात लावायचा नाही. मण्यावर एक पांढुरका थर असतो, बोट लागलं की तो पुसला जातो आणि डाग कायमचा राहतो. उतरवलेला कागद पोटाशी ओच्यात. दुपारी तोच कागद त्याच घडाला. सहाव्या दिवसापर्यंत त्यातल्या एकीनंही घड गाळला नाही. सिनेमात नायिकेच्या मागं जे घड चमकतात ते या बाराजणींच्या हातांमुळं. त्यांची नावं पडद्यावर यावीत असं मला करार करताना सुचलं नाही, याची हळहळ आजही आहे.

तिसऱ्या दिवशी एक प्रसंग होता: नायिका चालता चालता मणी तोडून तोंडात टाकते. रिहर्सल चालू होती. आबा मॉनिटरजवळ नव्हते, ओळीच्या टोकाला उभे होते. तिचा हात घडाकडं गेला तसे ते ओरडले, "ताई, थांबा! खाऊ नका!" सगळं युनिट थबकलं. त्या भागात पाच दिवसांपूर्वी भुरी रोगासाठी फवारणी झाली होती. प्रत्येक औषधाला फवारणी आणि काढणी यांच्यात ठरावीक दिवस सोडावे लागतात, ते अजून भरले नव्हते. मुलगी घाबरली. आबांनी स्वतः खालच्या तुकड्यातून, जिथं मुदत संपली होती, दोन घड आणले, बादलीत दोनदा धुतले आणि तारेला बारीक सुतळीनं बांधून दिले. पडद्यावर ती जो मणी खाते तो त्या बांधलेल्या घडाचा आहे.

आणखी एका दृश्यात नायक काळं द्राक्ष मुठीत चिरडतो आणि लाल रस ओघळतो, असं लिहिलेलं होतं. शेजारच्या मळ्यात शरद सीडलेस होतं, तिथून घड आणला. चिरडलं तर रस जवळजवळ पाण्यासारखा. मी समजावलं, काळ्या द्राक्षाचा रंग सालीत असतो. लाल वाईन करताना साल रसासोबतच आंबवतात, तेव्हा रंग उतरतो. गोडीही वेगळी. आम्ही खायचं द्राक्ष सोळा-अठरा ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे गोडीचं माप) तोडतो, वाईनवाले बावीसच्या पुढं जाऊ देतात. मेकअपवाल्यानं लाल रंगाची बाटली काढली होती. दिग्दर्शकांनी ती परत ठेवायला सांगितली आणि संवादच बदलला. नायिका म्हणते, "रंग आत नसतो, सालीत असतो." त्या वाक्याला पुढं थिएटरात लोकांनी दाद दिली तेव्हा आबा माझ्याकडं पाहत होते.

एका गोष्टीला मात्र आम्ही साफ नाही म्हणालो. 'अ गुड इयर'मध्ये नायक कोरड्या पोहण्याच्या तलावात अडकतो आणि नायिका पाणी सोडून त्याला वर काढते. तसं काहीतरी दिग्दर्शकांना आमच्या शेततळ्यात हवं होतं. दोघं पाण्यात उतरतात, हसतात. वरून पाहिलं तर शेततळं खरंच सुंदर दिसतं, काळ्या प्लास्टिकवर निळं पाणी. पण ते पाचशे मायक्रॉनचं प्लास्टिक शेवाळानं तेलासारखं होतं, काठ उताराचा. एकदा पाय घसरला की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. आमच्या भागात दरवर्षी अशी बातमी येते, त्यात लेकरं असतात. आबा म्हणाले, "भाडं देऊ नका, पण पाण्यात कुणी उतरायचं नाही." आमच्या तळ्याला चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर कायम सोडलेले असतात. शेवटी प्रसंग काठाच्या कुंपणाबाहेर झाला. कॅमेरामननी ते दोर फ्रेममध्ये ठेवले. पाहणाऱ्या एखाद्या शेतकऱ्यानं आपल्या तळ्यात तसे दोर सोडले तर बरं होईल.

नुकसान झालं ते पाचव्या दिवशी. युनिटमधल्या एकानं उन्हासाठीचं मोठं पांढरं कापड ओळीच्या शेवटच्या ताणाला बांधलं. ताण म्हणजे टोकाचा अँगल मागं ओढून धरणारी, जमिनीत गाडलेल्या दगडाला बांधलेली तार. बागेत प्रत्येक ओळीच्या तारांची सगळी ओढ दोन्ही टोकांच्या ताणावर असते. दुपारी वारा सुटला, कापड शिडासारखं फुगलं आणि ताणाचा दगड जमिनीतून उचलला. टोकाचा अँगल आत झुकला, तारा सैल पडल्या, अख्खी ओळ हातभर खाली आली. मालानं लगडलेली ओळ. तिचा आवाज अजून कानात आहे, तारांचा करकरत खाली येणारा. कापड आधी कापलं. मग दिसेल तो माणूस बांबूचा टेकू घेऊन ओळीत शिरला, प्रकाशयोजनेची पोरंसुद्धा. संध्याकाळपर्यंत नवा ताण ओतला. त्या ओळीतला बराच माल खरचटला, तो पुढं बेदाण्याला गेला. भरपाई कराराप्रमाणं मिळाली, पण उशिरा आणि बऱ्याच फोनांनंतर. ज्यांना आपली बाग द्यायची असेल त्यांनी करारात दोन गोष्टी घालाव्यात: ताण, तारा, ठिबकच्या नळ्या यांना काहीही बांधायचं नाही, आणि अनामत रक्कम आधी जमा.

बाकी जागांचं थोडक्यात सांगतो. घराण्याचा वाडा पैठणचा. माळवदाचा, लाकडी खांबांचा, भिंतीत धान्याची बळदं असलेला. त्याच्या तळघरात दगडी जिन्यानं उतरलं की उन्हाळ्यातही अंगावर गारवा येतो. पडद्यावर तिथं वाईनची पिंपं आहेत. ती मुंबईहून भाड्यानं आणलेली, रिकामी. वाड्याच्या आजींनी पिंपं आत जाण्याआधी देवळीत दिवा लावला, मगच दार उघडलं. रेल्वे स्टेशनचा प्रसंग जालन्याहून परभणीकडं जाणाऱ्या मार्गावरच्या एका छोट्या स्टेशनात. हा मार्ग नांदेड विभागाचा, त्यामुळं परवानगीचा कागद थेट सिकंदराबादच्या रेल्वे मुख्यालयापर्यंत जाऊन आला. प्रत्यक्ष काम दोन तासांचं, दोन गाड्यांच्या मधल्या वेळेतलं. स्टीलच्या मोठ्या टाक्या आणि कारखाना तेवढा खरोखर नाशिकचा. तिथं मी नव्हतो. तर सिनेमात नायक बागेतून दार ढकलून वाड्यात येतो तेव्हा तो जालन्यातून पैठणात येतो, आणि तळघरातून पुढं टाक्यांपाशी जातो तेव्हा नाशिकला पोचतो.

चित्रपट २०२५ च्या जूनमध्ये लागला. जालन्याच्या थिएटरात आम्ही घरचे आणि त्या बाराजणी, असे सगळे एका रांगेत बसलो. पहिल्याच दृश्यात अक्षरं उमटली: 'नाशिकजवळ'. माय पुटपुटली, "काहून? ही तर आपली तिसरी ओळ." तिनं बाग ओळखली ती एका वाकड्या अँगलवरून, जो आबांनी लावणीच्या वर्षी घाईत गाडला होता. पुढं सगळा सिनेमाभर त्या बायका ओळी मोजत होत्या. ही रांजणाजवळची. ही विहिरीकडची. शेवटी नावं सुरू झाली तसे लोक उठायला लागले. आमची रांग बसून राहिली. 'चित्रीकरण स्थळे : द्राक्षबाग, जालना जिल्हा, मराठवाडा.' दोन-तीन सेकंद. आबांनी ते मोठ्यानं वाचलं, जिल्ह्यासकट, आणि दाराकडं निघालेली दोन माणसं वळून पाहायला लागली.

परवा, ऑगस्टातच, संभाजीनगरहून मोटारसायकलवर एक जोडपं आलं. नुकतं लग्न झालेलं. कडवंचीपासून विचारत विचारत पोचले होते. मी घरी नव्हतो, मायनं सांगितलं ते असं. पोरगी ओळीत जाऊन उभी राहिली, नायिका उभी राहते तशी, आणि वर पाहून म्हणाली, "काकू, द्राक्षं कुठायत?"

माय म्हणाली, "आता काडी पिकू राह्यली बाई. फेब्रुवारीत ये." आणि घरातून ओंजळभर बेदाणे आणून तिच्या रुमालात बांधून दिले.